पान ६१, ओळ ७, शब्द ४

शंभराची नोट या पुस्तकात ५७ आणि ५८ या पानांच्या मध्ये ठेवली आहे असं सांगावं आणि पुस्तक समोर सरकवावं. सापडली तर तुमची. जन्मभर पुस्तकांत बुडालेला माणूसही हौसेने पानं चाळतो, ५७ काढतो, ५८ पाहायला ते उलटतो आणि थबकतो. या दोहोंच्या मध्ये नोटच काय, केसही ठेवता येणार नाही. त्या एकाच कागदाच्या दोन बाजू आहेत. विषम आकडा उजव्या हाताला, सम डाव्या हाताला, हा छपाईचा नेम त्याच्या डोळ्यांखालून हजारो वेळा गेलेला असतो. डोळ्यांखालूनच गेलेला असतो, हीच तर अडचण.

छापखान्यात उमेदवारी केलेला माणूस या पैजेत फसत नाही. बाइंडिंग करणारा तर नाहीच नाही. फसतो तो वाचक, आणि जितका मुरलेला तितका हमखास. कारण वाचणं ही कागदाकडे दुर्लक्ष करण्याची कला आहे. अक्षर ओळखता ओळखता त्याचा आकार दिसेनासा व्हावा, ओळ संपली की डोळा आपसूक पुढच्या ओळीवर यावा, पान कधी उलटलं हेही आठवू नये, इतकी सवय अंगात भिनली की आपण चांगले वाचक झालो. पुस्तकांच्या जादूचा सगळा व्यवहार या दुर्लक्षावर चालतो. वाचनकट्ट्यावर, पुस्तकभिशीत, ग्रंथालयाच्या वर्धापनदिनाला पाहुणे येईपर्यंत असे चारदोन खेळ मी करून दाखवतो. कबुतरं नाहीत, काळा झगा नाही. पुस्तकही यजमानांच्याच कपाटातलं. कपाटातलं असलं म्हणजे ते निरागस असणार, अशी प्रत्येकाची खात्री असते.

पुस्तक निरागस नसतं. सोळा पानी फर्मे दुमडून, शिवून ते बांधलेलं असतं, आणि प्रत्येक फर्म्याच्या पोटात, जिथे दोरा दिसतो तिथे, ते उघडायला जरा जास्तच राजी असतं. ‘मनाला येईल तिथे उघडा’ असं म्हटल्यावर उघडणाऱ्याचं मन आणि पुस्तकाचं मन यांत पुष्कळदा पुस्तकाचंच चालतं. ग्रंथालयातल्या प्रतीला तर पूर्वीच्या वाचकांनीही वळण लावलेलं असतं. कादंबरीतला जो प्रसंग सगळ्यांनी रेंगाळत वाचला, तिथे तिचा कणा मऊ पडलेला असतो. ही खूण ओळखून ‘तुम्ही अमुक प्रसंगाच्या आसपास आहात’ असं सांगता येतं, आणि समोरच्याला वाटतं आपलं मन वाचलं. वाचलेलं असतं ते गावातल्या वाचकांचं मन.

पुस्तकाच्या देहावर आधारलेला सगळ्यात जुना खेळ फुंकरीचा. जादूगार पुस्तक हाती घेऊन पानं भरभर सोडतो, सगळी कोरी. कुणाला तरी फुंकर मारायला सांगतो. आता पानोपानी पक्षी. पुन्हा फुंकर, पशू. पुन्हा, साप. इटलीतल्या जिरोलामो कार्दानोने १५५० साली छापलेल्या ग्रंथात अशा पुस्तकाची नोंद आहे. इंग्लंडमधल्या रेजिनाल्ड स्कॉटने १५८४ च्या ‘द डिस्कव्हरी ऑफ विचक्राफ्ट’मध्येही ते वर्णिलं आहे. युक्ती पानांच्या कडेला असते. ठरावीक अंतराने येणाऱ्या पानांच्या कडा वेगवेगळ्या उंचीवर किंचित कापलेल्या असतात. अंगठा वर धरला की एका जातीची पानं सुटत जातात, खाली सरकवला की दुसऱ्या जातीची. बाकीची पानं तिथेच असतात, नुसती एकमेकांमागे लपून. ग्राहकपेठेत किंवा जत्रेत मुलांसाठी आधी कोरं, मग रेघांचं, मग रंगीत होणारं जे पुस्तक मिळतं ते याच घराण्यातलं. पावणेपाचशे वर्षं कुणी कडेकडे पाहिलं नाही, म्हणून ते टिकलं.

स्कॉटने हे सगळं लिहिलं ते करमणुकीसाठी नव्हे. चेटकीण म्हणून म्हाताऱ्या बायकांना फासावर चढवण्याचे ते दिवस होते, आणि ज्याला लोक चेटूक समजतात त्यात हातचलाखी किती असते हे त्याला उघड करून दाखवायचं होतं. स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स त्यावर इतका भडकला की त्याने १५९७ मध्ये चेटूक खरं असल्याचं सिद्ध करणारा स्वतःचा ग्रंथ लिहिला आणि प्रस्तावनेत स्कॉटचा समाचार घेतला. आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव पाण्याने नारळ पेटवून दाखवतात आणि मग तो कसा पेटला ते समजावून सांगतात; डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी रुजवलेल्या त्या पद्धतीचा एक दूरचा पूर्वज केंटमधल्या या गृहस्थात सापडतो. म्हणून जादूच्या युक्त्या फोडू नयेत हा जादूगारांचा दंडक मला मान्य असला तरी त्याच्यापुढे मी फार वाकत नाही. या कलेतला एक आद्य ग्रंथच मुळी बिंग फोडण्यासाठी लिहिलेला आहे.

दुसरा मोठा वर्ग आकड्यांच्या खेळांचा, आणि तो छपाईशिवाय शक्यच नव्हता. हाताने लिहिलेल्या पोथीत आकडा असतो तो सबंध पत्राला. आणि दुसऱ्या लेखकाने नक्कल केली की ओळी दुसरीकडे तुटतात. त्यामुळे ज्ञानेश्वरीतली जागा आपण अजूनही अध्याय आणि ओवी सांगून दाखवतो. तो पत्ता मजकुराचा आहे, प्रत कुठलीही असो. ‘पान १०८, ओळ ९’ हा पत्ता कागदाचा आहे. एकाच आवृत्तीच्या हजार प्रतींत तो एकाच शब्दापाशी नेतो, हे छपाईने घडवलेलं केवढं आश्चर्य आहे याचं आपल्याला काहीच वाटेनासं झालं आहे. जादूगार त्या आश्चर्यावर जगतो. (मोबाइलवर वाचणाऱ्यांपुढे हे खेळ चालत नाहीत. अक्षर मोठं केलं की पान पळतं.)

जगभर चालणारा आकडा १०८९. तीन अंकी संख्या घ्या, पहिला आणि शेवटचा अंक वेगळा हवा, समजा ७३२. उलटी करून मोठीतून लहान वजा करा: ४९५. ती उलटी करून मिळवा: ४९५ अधिक ५९४, १०८९. कुठूनही निघा, इथेच याल. वजाबाकीत नेहमी ९९ ची पट येते, मधला अंक ९ आणि कडेच्या दोन अंकांची बेरीजही ९, त्यामुळे पुढे दुसरं काही घडूच शकत नाही. वजाबाकी ९९ च आली तर ती ०९९ अशी लिहायची, इतकंच पथ्य. मग पान १०८, ओळ ९. जादूगाराने ती ओळ सकाळीच पाहून ठेवलेली असते.

मी मात्र १०८९ सोडून ६१७४ घेतो. एक कारण सरळ अभिमानाचं आहे. हा आकडा देवळालीच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी १९४९ साली शोधला, आणि आज तो जगात त्यांच्याच नावाने ओळखला जातो. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजा करा, आणि आलेल्या उत्तराला पुन्हा तेच करा. दुसरं कारण असं, की इथे श्रोत्याचं जन्मसाल घेता येतं. १९५७ घ्या: ९७५१ मधून १५७९ गेले, ८१७२ उरले, पुढे ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सहाव्या वजाबाकीला ६१७४. तिथे पोचल्यावर कितीही वजाबाक्या करा, ६१७४ च येत राहतं. १९७२ ला सात वजाबाक्या लागतात. सातांच्या वर कुणालाच लागत नाहीत. जन्मसालातून निघालेला आकडा माणसाला आपला वाटतो, जणू तो कुंडलीतून आला आहे. शेजारच्याचाही तोच आला हे कळेपर्यंत मी पुढे सरकलेलो असतो: पान ६१, ओळ ७, शब्द ४.

कापरेकरांना फार काळ आपल्याकडे कुणी गांभीर्याने घेतलं नाही. आकड्यांशी खेळणारे मास्तर, एवढीच त्यांची ओळख होती. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं आणि जगाला देवळाली कळली. गार्डनर स्वतः हौशी जादूगार होते, आणि गणितावर आधारलेल्या जादूवर त्यांनी १९५६ सालीच पुस्तक लिहिलं होतं. मास्तरांच्या उद्योगातली गंमत एका जादूगाराला आधी दिसावी, यात नवल नाही.

याच गार्डनरनी १९७८ मध्ये मार्टिन क्रुस्कल या गणितज्ञाची एक युक्ती लोकांपुढे आणली. मूळ खेळ पत्त्यांचा. पण पुस्तकावर तो जास्त खुलतो, आणि त्यात आधी काही पाठ करावं लागत नाही. इथेच करून पाहू. खालच्या परिच्छेदातल्या पहिल्या वाक्यातला कुठलाही एक शब्द मनात धरा. त्याची अक्षरं मोजा. जोडाक्षर एकच धरायचं. जितकी अक्षरं तितके शब्द पुढे जा. तिथल्या शब्दाची अक्षरं मोजा, तितके पुढे. पुढे जायला शब्द पुरेनासे झाले की थांबा.

पावसाळ्यात जुन्या वाचनालयाच्या कपाटांना एक ओला वास येतो. खिडकीशी बसलेला म्हातारा ग्रंथपाल नोंदवहीत डोकं घालून काहीतरी लिहीत आहे. बाहेर रस्त्यावर छत्र्या सरकतात, आत पंखा कुरकुरतो, आणि मधल्या फळीवरून पुस्तक काढून कुणी मुलगी उभ्यानेच वाचू लागते. तिला घड्याळाचं भान नाही. अधूनमधून पान उलटल्याचा आवाज येतो.

तुम्ही ‘आवाज’ या शब्दावर थांबला आहात. मोजणीत चूक झाली नसेल तर दुसरीकडे कुठे थांबताच येणार नाही. पहिल्या वाक्यात आठ शब्द, म्हणजे निघायच्या आठ जागा. त्यांतल्या पाच वाटा ‘येतो’वर एक होतात, उरलेल्या तीन ‘खिडकीशी’वर, आणि हे दोन्ही तांडे पुढे अक्षरशः ‘रस्त्यावर’ येतात. तिथून पुढे एकच वाट. परिच्छेद मी लिहिला आहे, तेव्हा संशय रास्तच आहे. ‘लिहीत आहे’ या जागी आधी ‘लिहीत असतो’ होतं आणि कानाला ते जास्त बरं वाटत होतं. त्याने वाटा ‘रस्त्यावर’ला चुकत होत्या, म्हणून बदललं. पण न बदलतासुद्धा त्या ‘उभ्यानेच’वर भेटल्याच असत्या. मोजून पाहा.

असं होण्याचं कारण साधं आहे. दोन माणसं एकाच मजकुरात वेगवेगळ्या शब्दांवरून निघाली. ज्या क्षणी एकाचं पाऊल दुसऱ्याच्या पावलावर पडलं, त्यापुढे दोघांची वाट कायमची एक. कारण पुढची उडी किती, हे शब्द ठरवतो, माणूस नाही. उडी सरासरी तीन शब्दांची धरली तर दर उडीला पाऊल जुळण्याची शक्यता तिनात एक. दहा उड्यांत एकदाही जुळलं नाही, असं ढोबळ हिशेबाने साठात एखाद्या वेळी घडेल. इंग्रजीत सुटी अक्षरं मोजायची म्हणून उड्या लांब पडतात. आपल्या लिपीत काना-मात्रा, जोडाक्षर सगळं एकात जातं, शब्द आखूड होतात आणि वाटा लवकर मिळतात. हा खेळ जणू देवनागरीसाठीच बेतला असावा, असं मला अधूनमधून वाटतं. गार्डनरनी पुढे इंग्रजी बायबलच्या आरंभावर तो करून दाखवला. पहिल्या वाक्यातल्या दहापैकी कुठल्याही शब्दावरून निघा, तिसऱ्या वचनात प्रथम पाऊल पडतं ते ‘गॉड’ या शब्दावर. बायबलमध्ये गुप्त संदेश हुडकणाऱ्यांना त्यांनी काढलेला तो चिमटा होता. याच कल्पनेवर आधारलेली ‘कांगारू’ नावाची पद्धत जॉन पोलार्ड यांनी १९७८ मध्ये मांडली, आणि सांकेतिक लिपी फोडण्याच्या शास्त्रात ती अजून वापरात आहे.

इथे मला रामशलाका प्रश्नावली आठवते. रामचरितमानसाच्या गीता प्रेसच्या प्रतींत ती असते: पंधरा आडव्या, पंधरा उभ्या, अशी २२५ घरं. देवाचं स्मरण करून डोळे मिटून एका घरावर बोट ठेवायचं आणि तिथून दर नववं अक्षर लिहीत जायचं. एक चौपाई तयार होते आणि तीच प्रश्नाचं उत्तर. २२५ घरं दिसली तरी उत्तरं नऊच, प्रत्येकाच्या वाट्याला पंचवीस घरं. क्रुस्कलच्या वाटा एकमेकींत मिसळतात. इथल्या नऊ वाटा शेवटपर्यंत एकमेकींना शिवत नाहीत. ज्या कुणी हे विणलं त्याच्या हिशेबीपणाला माझा नमस्कार आहे. पण घरात कुणी आजारी असताना एखादी आजी जेव्हा त्या चौकटीवर बोट ठेवते, तेव्हा तिथे बसून नवाचा पाढा म्हणून दाखवणारा माणूस शहाणा नव्हे. तिला चौपाई हवी असते. चौकट हे तिच्यापर्यंत जायचं निमित्त.

खेळ करणाऱ्याने मात्र ही सीमा स्वतः आखून घेतली पाहिजे. मनातला शब्द ओळखून दाखवला की टाळ्या पडतात, आणि चहाच्या वेळी कुणीतरी काका बाजूला घेऊन हळूच विचारतात, ‘अहो, आमच्या धाकट्याच्या नोकरीचं काही दिसतंय का?’ ते थट्टा करत नसतात. मी तिथल्या तिथे वही मागवून त्यांच्याकडून वजाबाकी करून घेतो. त्यांचा चेहरा थोडा उतरतो, आणि उतरू द्यावा. गांधीजींनी आत्मकथेत रायचंदभाईंच्या भेटीचा प्रसंग सांगितला आहे. १८९१ साली ते विलायतेहून मुंबईला परतले तेव्हाची गोष्ट. रायचंदभाई शतावधानी म्हणून प्रसिद्ध होते. गांधीजींनी परक्या भाषांतले आपल्याजवळचे होते नव्हते ते सगळे शब्द त्यांच्यापुढे ओतले, आणि त्यांनी ते त्याच क्रमाने परत म्हणून दाखवले. ती हातचलाखी नव्हती, अस्सल स्मरणशक्ती होती. तरीही गांधीजी लिहितात ते असं, की त्या शक्तीचा हेवा वाटला, पण भुरळ पडली नाही. भुरळ पडली ती पुढे, त्यांचं शास्त्रज्ञान आणि आत्मदर्शनाची तळमळ पाहून. ऐकलेले शब्द जसेच्या तसे परत देणं आणि ते पचवणं यांतलं अंतर तेव्हा बावीस वर्षांच्याही न झालेल्या त्या बॅरिस्टरला दिसलं होतं. आम्ही तर ते परतही देत नाही, देण्याचं सोंग करतो.

काहीही न लपवता करता येईल असा एकच खेळ मला ठाऊक आहे, आणि तो पुस्तकं वाचायची नसतात तेव्हाचा आहे. साधारण सारख्या आकाराची दोन जाड पुस्तकं घ्या. एकाचं एक पान, त्यावर दुसऱ्याचं एक, असं करत दोन्ही एकमेकांत गुंतवा. आता दोन दणकट माणसांना कणा धरून दोन बाजूंना ओढू द्या. सुटत नाहीत. गोंद नाही, दोरा नाही. ‘मिथबस्टर्स’ या अमेरिकन कार्यक्रमात अशा गुंतवलेल्या दोन टेलिफोन डिरेक्टरी सोडवायला शेवटी लष्करी वाहनं जुंपावी लागली. २०१६ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या नियतकालिकात त्याची मीमांसा आली. गुंतलेल्या भागात जाडी दुप्पट होते, त्यामुळे कण्याकडून येणारी पानं तिरकी होतात. ओढलं की ती सरळ व्हायला बघतात आणि आतल्या पानांना दाबतात. दाब वाढला की घर्षण वाढतं. म्हणजे ओढणाऱ्याचाच जोर पुस्तकं आवळतो. घरच्या रद्दीवर जरूर करून पाहा. ग्रंथालयाच्या पुस्तकांवर केल्यास सभासदत्व जाईल आणि ते योग्यच होईल.

आता ६१-७-४ कडे. आकडा ठरलेला असला तरी तिथे कुठला शब्द बसला आहे हे दैवाधीन असतं. मराठी वाक्यात ‘आणि’, ‘होता’, ‘तर’, ‘म्हणून’ यांची दाटी फार. सगळी सभा श्वास रोखून बसली आहे, एक ताई पुस्तक छातीशी धरून उभ्या आहेत, मी कपाळावर बोटं टेकून गंभीरपणे ‘तुमचा शब्द आहे... व’ असं म्हणतो आहे, हे दृश्य हास्यास्पद असतं. पण त्या ताईंना हसू येत नाही. पाच मिनिटं त्यांनी तो ‘व’ जपलेला असतो, कुणाला दिसू नये म्हणून त्यावर बोट ठेवलेलं असतं. आयुष्यात त्यांनी असंख्य वेळा वाचला असेल तो. थांबून पाहिला असेल तो आज. कधी कुणी खेळ संपल्यावर ते वाक्य सबंध वाचून काढतं, मग आधीचं, मग पान. आणि पुस्तक घरी नेण्यासाठी रजिस्टरात सही करतं. तेवढ्यासाठी मी यजमानांच्या कपाटातून पुस्तक नीट निवडतो. या खेळापायी एक खोड लागली आहे: नवं पुस्तक हाती आलं की प्रस्तावनेआधी ६१ वं पान. ललित गद्य बरं साथ देतं. नाटकात ओळी मध्येच तुटतात आणि कुठलं पात्र बोलतंय ते नाव शब्दांत धरायचं की नाही यावरून वाद होतो. शब्दकोश घ्यावा तर ओळी दोन रकान्यांत. कवितासंग्रहात ६१ व्या पानावर पुष्कळदा सातवी ओळच नसते, आणि असली तरी तिच्यात चौथा शब्द असेलच असं नाही. कवींना मी वगळलं आहे.